आठवी टोपी

माझ्या सुनेचं एक वागणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि ते मी आधीच सांगून टाकते. ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला न विचारता, माझ्यादेखत, वहीत लिहून घेणाऱ्या परक्या साहेबासमोर, आणि मान खाली न घालता. माझी सासू माझ्याशी तेवीस वर्षं भांडली, पण माझी चूक तिने कधी स्वतःच्या अंगावर घेतली नाही आणि तिची मी घेतली नाही. ज्याचं त्याच्याकडे. आमचं घर असंच चालत आलं.

पण पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी उगाच सुनेच्या नावाने बोटं मोडते.

माझं कव्हरं शिवायचं दुकान आहे. सोफ्याची, गाड्यांची, मशीनची, ज्याला म्हणाल त्याला कव्हर. चार शिलाई मशीन, कामाला दोन बायका आणि त्यांच्या डोक्यावर मी. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तीही पुरती नाही. आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत, म्हणून मी माझी एक रीत बसवली. कुठलंही काम आलं की आधी त्याची पिशवी शिवायची. जितके तुकडे तितके कप्पे. कप्पे भरले की काम संपलं. मोजत बसायचं नाही, रिकामा कप्पा दिसतोय का तेवढं बघायचं. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची उशीची खोळसुद्धा मागे राहिलेली नाही.

सून गुरांची डॉक्टर आहे. लांबलांबच्या कुरणांवर, जिथे रस्ता म्हणजे नुसती चाकोरी, तिथल्या गाई-म्हशी बघायला जाते. त्यासाठी तिच्याकडे एक छोटं विमान आहे. चार जण बसतील एवढं, पांढरं, वयाने तिच्याएवढंच. तिच्या वडिलांचं होतं, त्यांच्यामागे तिच्याकडे आलं. मी त्याला डबा म्हणते. तिला ते आवडत नाही, पण ती काही बोलत नाही. मुलगा माझा शाळेत गणित शिकवतो. त्याला बोलण्याचं वावडंच आहे. उत्तर आलं तरी गप्प, नाही आलं तरी गप्प. म्हणजे घरात बोलणारी मी एकटी, आणि ते मला बरंच पडतं.

मागच्या वर्षी एका गांधीलमाशीने डब्याच्या एका नळीत मातीचं घर बांधलं. वेग दाखवणारा काटा शून्यावरच बसून राहिला आणि सुनेला धावपट्टीवरूनच परत फिरावं लागलं. घरी येऊन म्हणाली, "आई, डब्याच्या भोकांना टोप्या शिवून द्याल?" तिने स्वतः डबा म्हटलं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

"फक्त प्रत्येक टोपीला लाल फीत लावा. चांगली हातभर लांब."

"ती कशाला?"

"सगळीकडे तशीच असते. लोंबताना दिसली की काढायची राहत नाही."

"माझ्या हातून लोंबतं काम बाहेर जात नाही," मी म्हटलं. "पांढऱ्यावर पांढरं बसवते. जोड कुठे आहे ते शोधून दाखव, मग बोल."

टोप्या झाल्या तेव्हा तिने एक बसवून बघितली, लांब जाऊन बघितली, डोळे बारीक करून बघितली. "खरंच सापडत नाही," म्हणाली. "हीच तर भीती आहे, आई." मी ते कौतुक समजले. कौतुकच होतं अर्धं.

सात टोप्या होत्या. वरून जाड कापड, आतून रेनकोटच्या कापडाचं अस्तर, कडेला दुहेरी इलॅस्टिक. आणि सात कप्प्यांची पिशवी. सून निघायच्या आधी टोप्या काढून पिशवीत भरायची, कप्पे भरले की निघायची. वर्षभर एकदाही चुकलं नाही.

मग माझी धाकटी बहीण न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. तिच्याकडे जायला रस्त्याने अकरा तास. सून म्हणाली, "मी दीड तासात नेते." मी कधी डब्यात बसले नव्हते. बसायचं नव्हतंही. पण बहीण फोनवर म्हणाली, "तू कशाला येतेस, तुला भीती वाटेल," आणि मग माझं जाणं ठरलं.

आदल्या संध्याकाळी सून पेट्रोल भरायला गेली तेव्हा मीही गेले. ती मेकॅनिकशी टायरबद्दल बोलत होती. त्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणतात, कारण खिशात पाना नसलेला तो कोणी बघितलेला नाही. मी डब्याभोवती माझं काम बघत फिरले. उजव्या पंखाखाली बघते तर बोटाएवढी एक नळी उघडी, आणि तिच्याभोवती एक गांधीलमाशी घिरट्या घालतेय, जागा बघायला आलेल्या भाडेकरूसारखी. हिला टोपी कशी नाही? पर्समध्ये माझ्या सुई-दोरा असतोच, चिंध्या आणि इलॅस्टिकचे तुकडेही असतात. स्टुलावर बसून दहा मिनिटांत टोपी शिवली, अस्तरासकट, आणि चढवली. इलॅस्टिक कट्ट वाजलं. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? मी कपावर बशी झाकली तर घरभर सांगत फिरते का?

सकाळी सून हवामान विचारायला फोनवर होती, म्हणून टोप्या मी काढल्या. एकेक काढली, एकेक कप्प्यात घातली. सात कप्पे भरले. पिशवीची चेन ओढली. माझं काम संपलं.

मग सून हातात कागद घेऊन डब्याभोवती फिरायला लागली. इथे हात लाव, तिथे वाक, हे हलवून बघ. उडायची भीती नव्हती असं नाही, पण थांबायची भीती त्याहून मोठी. थांबले असते तर परत घरी गेले असते. ती उजव्या पंखाशी आली आणि वाकणार, एवढ्यात मी ओरडले, "अगं, कितीदा फिरशील? घोडा विकत घ्यायचाय का? तिकडे माझी बहीण पलंगाला खिळलीय. ही बॅग उचल आधी."

ती आली. बॅग उचलली. मग टोप्यांच्या पिशवीकडे बघितलं.

"टोप्या?"

"सगळे कप्पे भरलेत."

तिने मान हलवली आणि आम्ही चढलो.

वर गेल्यावर मला काही झालं नाही, हे मुद्दाम सांगते. घरं काडेपेट्यांएवढी दिसतात म्हणतात, तशीच दिसतात. मी खाली बघून कुठल्या छपराला ताडपत्री नीट बसलेली नाही ते बघत होते. वीसेक मिनिटं झाली असतील.

आधी आवाज बदलला. मशीनचा आवाज मला कळतो. पट्टा सैल झाला की एक टाका कसा गिळला जातो, तसं झालं. मी सुनेकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिलाही कळलं होतं. मग इंजिन खोकलं. परत नीट झालं. परत खोकलं, आणि मग सगळा जोरच गेला. पुढचा पंखा फिरत होता, पण वाऱ्याने फिरत होता, त्यात जीव नव्हता. आणि ती शांतता! नुसता वाऱ्याचा फुत्कार. मी आयुष्यभर मशीनच्या घरघरीत बसलेली बाई, मला शांततेचा एवढा आवाज कधी आला नव्हता.

सुनेचे हात चालू होते. नाक आधी खाली घेतलं. मग हा दांडा पुढे, तो मागे, पायाशी पेट्रोलच्या टाकीची खिट्टी आहे ती इकडे, तिकडे, परत इकडे. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बसलं. रेडिओवर तिने आमचं ठिकाण सांगितलं, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं.

"आई, पट्टा घट्ट करा. चष्मा काढून खिशात ठेवा. दाराची कडी काढा आणि फटीत काहीतरी अडकवा, दार आवळून बसायला नको."

हाताशी टोप्यांची पिशवी होती. तीच दारात कोंबली.

"काय झालंय?"

"माहीत नाही. आता बोलू नका."

सून घरात आल्यापासून नऊ वर्षांत मला कोणी 'बोलू नका' म्हटलेलं नाही. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

खाली एक हिरवं शेत होतं, मला तेच बरं वाटत होतं. तिने ते सोडलं. नंतर म्हणाली, त्यावरून विजेच्या तारा होत्या. तिने डबा वळवला, एवढा वळवला की माझ्या खिडकीत नुसती जमीन आली, आणि समोर कापणी झालेलं पिवळं शेत, पलीकडे कुंपण. जमीन हळूहळू येत नाही. बराच वेळ तिथेच असते आणि मग एकदम अंगावर येते. आणि तेव्हा मी ऐकलं, सून बोलत होती. माझ्याशी नाही. अडलेल्या गाईशी बोलते त्या आवाजात, डब्याशी. "हो गं बाई. हळू. हळू. घाई नाही आपल्याला. शाबास. अजून थोडं. पाय टेक आता."

टेकले. एकदा आपटलो, दुसऱ्यांदा आपटलो, तिसऱ्यांदा काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, तो टायर. डबा अर्धी गिरकी घेऊन थांबला. कुंपण दोन गाड्या मावतील एवढं लांब राहिलं.

"उतरा. लांब जाऊन उभ्या राहा," सून म्हणाली आणि बटणं बंद करायला लागली.

मी उतरले. पंखाखालून वाकून जाताना डोक्याशी ती दिसली. माझी आठवी टोपी. एवढ्या वाऱ्यात जागची हललेली नव्हती. फक्त तिचं पोट आत ओढलं गेलं होतं, कोणीतरी आतून श्वास ओढून धरावा तसं. मी ती ओढली. नळीने फुस्स करून हवा आत घेतली, बराच वेळ. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तशी.

टोपी माझ्या स्वेटरच्या खिशात गेली. का, ते विचारू नका. हात आधी गेला, डोकं मागून आलं.

कुंपणापाशी जाऊन मी दगडावर बसले. सून उतरली, चाक बघितलं, डब्याचं पोट बघितलं, आणि उजव्या पंखाखाली येऊन थांबली. डब्याच्या अंगावर खालून सगळी धूळ चढली होती. नळीचं टोक मात्र चकचकीत होतं, अंगठीएवढा स्वच्छ गोल, जिथे टोपी होती तिथे. ती त्या गोलाकडे बघत राहिली. मग खाली वाकली, चिमूटभर माती उचलली आणि अंगठ्याने त्या नळीला चोळली. व्यवस्थित, सगळीकडून.

मग माझ्याशेजारी येऊन बसली. "कुठे लागलं का?"

"नाही."

"पाणी?"

"दे."

एवढंच. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी पाणी पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा साहेब आला. शेतमालकाने ट्रॅक्टर लावून डबा आपल्या चाऱ्याच्या गोदामात ओढून ठेवला होता. आमचा मेकॅनिक पानाही आला होता; त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"इंजिनात काही नाही," साहेब म्हणाला. "पेट्रोल अर्ध्याहून जास्त, आणि स्वच्छ. टाक्यांना हवा देणारी नळी? ती बुजली तर पेट्रोल खाली उतरत नाही."

"मोकळी होती," सून म्हणाली. "मी बोट लावून बघितली होती."

"मग?"

"टाकीची खिट्टी माझ्याकडून अर्धवट राहिली असणार. चूक माझी."

साहेबाने लिहिलं. मग माझ्याकडे वळला. "आजी, तुम्हाला काही दिसलं होतं का?"

"मी तुमची आजी नाही," मी म्हटलं.

साहेब हसला. पाना हसला. आणि त्या हसण्याआड मी लपले. स्वेटरच्या खिशात टोपी होती, वर माझा हात होता.

साहेबाने सुनेचा परवाना पाकिटात घातला. "शुक्रवारी इथेच निकाल देतो. एवढ्या मोठ्या चुकीला वर्षभर तरी जाईल."

आणि मग ते चार दिवस. बसले तर उठावंसं वाटायचं, उठले तर कशाला उठले ते आठवायचं नाही. मंगळवारी दुकानात दोन सुया मोडल्या. बायका म्हणाल्या, "आज घरी जा तुम्ही." मी म्हटलं, "तुम्ही जा, मशीन माझी आहेत." बुधवारी एका गाडीचं कव्हर पुरं शिवून उसवलं, परत शिवलं, परत उसवलं. टोपी आधी बटणांच्या डब्यात ठेवली. तिथे बायकांचे हात जातात. मग गादीखाली. तिथे ती मला टोचायची, एवढीशी चिंधी. मग स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीत, कारण आमच्याकडे चहात साखर कोणी घेत नाही.

तिकडे सुनेचा फोन वाजत होता. कुरणांवरून. बुधवारी सकाळी एकाच्या गाईचं वासरू आडवं आलं होतं. सून फोन कानाला लावून स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होती. "हात कोपरापर्यंत घाला. गुडघा लागतोय का? तो मागे ढकला, ओढू नका. ढकला म्हणते ना!" मग फोन ठेवून गाडी काढली. विमानाने चाळीस मिनिटं, गाडीने सात तास. रात्रीची परत आली ती बुटांसकट खुर्चीत बसली.

"गाय वाचली," म्हणाली.

मी वासराचं विचारलं नाही.

बहिणीचा फोन आला. "काय गं, आकाशातून येणार होतीस ना? खाली कशाला उतरलीस?"

"बघायला उतरले, तू अजून पडलेलीच आहेस का."

ती हसली, मी फोन ठेवला, आणि मला इतका राग आला की काय सांगू. बहिणीचा नाही. सुनेचा. हिला कोणी सांगितलं होतं माती चोळायला? ओरडली असती माझ्यावर. म्हणाली असती, आई, तुमच्या त्या टोपीने आपण मेलो असतो. मग मी चार शब्द सुनावले असते, फीत किती कुरूप दिसते ते सांगितलं असतं, दोन दिवस बोलले नसते, आणि संपलं असतं. हिने मला भांडायला जागाच ठेवली नाही.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मीच म्हटलं, "तुला मला काही विचारायचंय का?"

"नाही, आई." बटाट्याचं साल काढत होती, वर बघितलं नाही. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला? मला कशाला?"

"बरं."

ती उठून गेली. मुलगा बसून होता. त्याने कपाट उघडलं, बरणी काढली, झाकण उघडून आत बघितलं.

"आई, साखरेत टोपी का आहे?"

"गोड व्हावी म्हणून. तुला काय करायचंय?"

त्याने ती वर काढली, साखर झटकली, इलॅस्टिक ताणून बघितलं. भिंतीवर टांगलेल्या पिशवीकडे बघितलं. मग परत बरणीत ठेवून झाकण लावलं.

"सात कप्पे," म्हणाला. "आठ टोप्या."

आणि वह्या तपासायला निघून गेला. एवढं बोलून! याला मी जन्म दिला.

शुक्रवारी सून गाडीत बसली तेव्हा मी आधीच आत बसलेली होते.

"तुमची गरज नाही तिथे," ती म्हणाली.

"गाडी चालव."

गोदामात साहेब वही उघडून बसला होता. कागदावर सही मारायची तेवढी बाकी. मी पर्समधून टोपी काढली आणि वहीवर ठेवली. एक-दोन साखरेचे कण पडले.

"ही मी शिवली," मी म्हटलं. "ही त्या नळीवर होती. मी चढवली, मी काढायची विसरले, आणि उतरल्यावर मीच काढून खिशात घातली. हिला काहीही माहीत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मी खोटं बोलले. बोलताना कळलं की किती सोपं असतं.

"मला माहीत होतं," सून मागून म्हणाली.

"तू गप्प बस."

"मला माहीत होतं, साहेब. नळीवर खूण होती. ती मी पुसली. आणि त्या सकाळी बोट लावून बघितलं नव्हतं."

साहेबाने पेन खाली ठेवलं. तो आता हसत नव्हता. "बाई, चूक वेगळी आणि खोटा जबाब वेगळा. खोट्या जबाबाला परवाना कायमचा जातो, तुम्हाला कल्पना आहे?" मग त्याने टोपी बोटांत धरून उलटसुलट केली. "आणि या चिंधीने इंजिन बंद पडलं, यावर मी का विश्वास ठेवू? कालपर्यंत खिट्टी होती, आज टोपी. उद्या काय?"

चिंधी! मी म्हटलं, "लावून बघा."

नळी धुऊन पुसली, टोपी मी स्वतः चढवली. इलॅस्टिक कट्ट वाजलं. डबा ओढून गोदामाबाहेर आणला, चाकांना दगड लावले, पान्याने इंजिन सुरू केलं आणि जोर वाढवला. साहेब घड्याळ बघत उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो, चारा उडत होता, तोंडात जात होता.

पाच मिनिटं. काही नाही. दहा मिनिटं. इंजिन मस्त चाललेलं. साहेब माझ्याकडे बघायचा, मी टोपीकडे. आणि तेव्हा मी काय विचार करत होते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. शिवण निसटली, हवा गेली, तर इंजिन चालू राहील, आणि माझी सून दोनदा खोटी ठरेल. शिवण टिकली, तर दोन माणसं मारायला निघालेली ती शिवण माझी. उभ्या आयुष्यात मी देवाकडे कधी टाक्यासाठी काही मागितलं नव्हतं. टाका माझा असतो, तो टिकतो. त्या दिवशी मागितलं. टिकू दे.

पंधरा. सूनही टोपीकडे बघत होती.

अठराव्या मिनिटाला टोपीचं पोट आत गेलं. एकोणिसाव्याला इंजिन खोकलं. तोच खोकला, झोपेतही ओळखेन. परत खोकलं, पंखा दोनदा अडखळला आणि थांबला. सगळीकडे ती शांतता.

साहेब पंखाखाली गेला आणि टोपी काढायला लागला. निघेना. दोन्ही हात लावावे लागले. मग नळीने तो लांब श्वास घेतला आणि आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

"कोणाकडून शिवून घेतलंत हे?" तो सुनेला म्हणाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि माझ्याकडे वळला. "इतकं पक्कं काम मी बघितलं नाही."

मी त्याच्या हातातली टोपी घेऊन तिच्यावरचा चारा झटकला.

त्याने जुनं पान फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. बराच वेळ लिहिलं. निकाल असा: दोन महिने विमानाला हात लावायचा नाही, एक महिना नळी न बघितल्याचा आणि एक खोटं बोलल्याचा, मग परीक्षकाबरोबर उडून दाखवायचं, आणि परवाना परत. "खरं तुम्ही स्वतः सांगितलंत, म्हणून एवढ्यावर सोडतो," सुनेला म्हणाला. मला म्हणाला, "आणि तुम्ही, आज्..." आणि तिथेच थांबला. शहाणा माणूस.

आम्ही परत आलो. दुकानासमोर तिने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"का बोललीस खोटं?" मी विचारलं.

तिने समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, "नऊ वर्षांत तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' मी एकदाही ऐकलं नाही. मला वाटलं, परवाना काय, आज ना उद्या परत मिळेल. तुम्हाला मात्र हे झेपणार नाही."

झेपणार नाही! मी हात पुढे करून गाडीची किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग मी तिच्याकडे वळले.

"ऐक नीट, मी दोनदा सांगत नाही. डबा तू झकास उतरवलास. मी चार दिवस त्यात खोट शोधतेय, सापडली नाही. पण मला काय झेपतं आणि काय नाही, ते ठरवणारी तू कोण? माझं चुकलं. झालं? ऐकलंस? ते माझं आहे, त्याला मला न विचारता हात लावायचा नाही, आणि माती तर मुळीच चोळायची नाही. आणि पुन्हा मी कितीही ओरडले, बॅग उचल म्हटलं, तरी नळीला बोट लावल्याशिवाय माझ्याकडे बघायचं नाही. आता चल आत. मधल्या मशीनवर बस. आठ लाल फिती, हातभर लांब, आणि त्या तू शिवायच्या. वाकड्या येतील, मला माहीत आहे. मी उसवणार नाही."